लव्हाळ्याचा खण

कपाटावरची नवी चिठ्ठी कृष्णातनं तिसऱ्यांदा वाचली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे 'ग्रॅमिनॉइड'! आणि आत काय, तर गवत आणि लव्हाळा एकाच खणात. एकोणतीस वर्षं तो कॉलेजच्या वनस्पती-संग्रहात वाळवलेली झाडं कागदांवर चिकटवत आला होता. काडी बोटांत फिरवायची. तीन धारा लागल्या की लव्हाळा, हे तो डोळे मिटून सांगायचा. आणि ही नवी लागलेली अदिती, एम.एस्सी. होऊन चार महिने झाले नाहीत, ती दोन्ही एकत्र कोंबणार.

पाहुणे आले की विभागप्रमुख पद्मजा मॅडम हाक मारायच्या ती कृष्णातला. आज पुण्याहून तपासणीला माणसं येणार, तर म्हणाल्या, संग्रह अदिती दाखवेल, तुम्ही चहाचं बघा. चहाचं! हा मत्सर आहे हे त्याला कळत होतं. कळून काय उपयोग?

त्यानं लव्हाळ्याचे सगळे कागद गुपचूप मागच्या खोलीत नेऊन ठेवले. खण अर्धा रिकामा निघाला की पुढं व्हायचं, लव्हाळा म्हणजे गवत नव्हे म्हणून मीच काढला असं सांगायचं आणि सगळ्यांसमोर पोरीची चूक दाखवायची, असा बेत.

पाहुण्यांनी आधी चिठ्ठीचाच अर्थ विचारला. अदितीनं सांगितलं, लॅटिनमध्ये 'ग्रामेन' म्हणजे गवत, आणि 'ऑइड' ग्रीकमधून आलेलं, म्हणजे सारखं दिसणारं. लव्हाळ्याचं कूळ वेगळं, पण दिसतो गवतासारखा, म्हणून तोही यातच. म्हणजे तिला ठाऊक होतं. दाराशी ट्रे धरून उभ्या कृष्णातची कानशिलं तापली.

तिनं खण उघडला, रिकामी जागा बघितली, मग त्याच्याकडं बघितलं.

"मामांनी साफसफाईला काढलेत," ती मॅडमना म्हणाली.

तिनं सांभाळून घेतलं, हेच त्याला सोसेना. त्यानं ट्रे टेबलावर ठेवला.

"साफसफाई न्हाय, मॅडम. हिची चूक दाखवायची म्हणून काढलं मी. चुकलो मीच."

तो जाऊन गठ्ठा घेऊन आला. वरच्या कागदावरचा वाळका तुरा सुटला आणि फरशीवर पडून त्याचा भुगा झाला. अदिती उचलायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माझ्या हातनं सांडलंय."

चष्मा सावरत तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक दाणा चिमटीनं उचलून कागदाच्या कोपऱ्यात सुट्या तुकड्यांसाठी चिकटवलेल्या पाकिटात भरू लागला. पाहुणे थांबून राहिले.