माशाविना योना

"माशाचं चित्र आणलंत तर दारातूनच परत पाठवीन," सिस्टरांनी आधीच तंबी दिली होती. कॅथलिक शाळांत बायबल शिकवायला निघालेल्या भावी शिक्षिकांचे सरावपाठ त्या वीस वर्षं तपासत होत्या. मोठ्या माशाने गिळलेल्या योना संदेष्ट्याची गोष्ट आली की एकही जणी माशाच्या पोटातून बाहेर पडत नसे.

आज पाळी होती पाठांतरबाईची. हे नाव मैत्रिणींनीच ठेवलेलं, कारण ती पाठाचं टाचण स्वल्पविरामासकट घोकायची. त्याच मैत्रिणी आता चौथीची मुलं बनून बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसल्या होत्या.

तिने टाचण टेबलावर पालथं घातलं. मासा एका वाक्यात उरकला. मग योना निनवे शहराबाहेर का रुसून बसला ते सांगितलं. ज्या निनवेकरांवर त्याचा दात होता, त्यांना देवाने चक्क माफ करून टाकलं होतं!

"बरोबर केलं का देवाने?"

"मुळीच नाही!" एक ओरडली. दुसरी तिच्यावर तुटून पडली. पोरं व्हायचं नाटक कुठल्या कुठे गेलं. घंटा झाली तरी कुणी जागचं हलेना.

शेवटच्या बाकावरून हात वर झाला. सिस्टरांचा!

"बाई, देवाने शेवटी योनाला विचारलं ना, 'एवढ्या मोठ्या शहराची मी कीव करू नये का?' त्यावर तो काय म्हणाला?"

"ते पुस्तकात लिहिलेलंच नाही," पाठांतरबाई म्हणाली. "तुम्ही काय म्हणाला असता?"

सिस्टरांनी गुणांची वही मिटली आणि हाताची घडी घालून त्या उभ्या राहिल्या.

"सांगते, बाई."