कोठीतला गुलाब

कोहमारा गावातलं घर रस्ता रुंद होताना गेलं, तेव्हा दुलारीबाईंनी ओसरीच्या खांबावर चढलेल्या गुलाबाच्या काड्या कापून गोंदियाला लेकाकडे आणल्या. त्यांतली एकच जगली. त्या घरचं हिरवं म्हणावं असं आता तेवढंच उरलं होतं.

गच्चीसाठी सून रिंकीने पसरट, देखणी कुंडी आणली.

"चढत्या गुलाबाले खोल जागा लागते, बाई," दुलारीबाई म्हणाल्या. "यात त्याचे पाय दुमडतीन."

मग तांदळाची जुनी पत्र्याची कोठी निघाली. तिच्या तळाला भोकं पाडली, विटांवर उभी केली आणि माती-शेणखत भरून गुलाब लावला. पाणी घालायचं काम दुलारीबाईंच्या नवऱ्याने, रूपलालांनी, मागून घेतलं. जन्मभर धान पिकवलेला माणूस, शहरात हात रिकामे राहिले होते.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली.

"रोज भरपूर पाणी देऊन राहिलो. तरी काऊन असा करून राहिला?" रूपलाल म्हणाले.

दुलारीबाईंनी कोठीखाली हात घातला. तळ कोरडा होता. भोकांच्या जागी बोटांना चिकणमातीचे गोळे लागले, अंगठ्याने नीट दाबून बसवलेले. धानाच्या बांधीचा धुरा फुटून शेतातलं पाणी वाहू लागलं की रूपलाल तो असाच लिंपत.

"हे तुमचंच काम."

"पाणी वाहून चाललं होतं. पाहवलं नाही."

"धान लावला का मी याच्यात?"

रिंकी पदर तोंडाला लावून हसली. दुलारीबाईंना हसू आलं नाही. गोळे काढताच काळं, कुबट पाणी वाहिलं. कुजलेली मुळं त्यांनी एकेक करून छाटली. रूपलाल राईस मिलमधून तुसाचं पोतं घेऊन आले. तूस मातीत कालवून गुलाब पुन्हा लावला.

"आता?"

"आता बसा. त्याले जगू द्या."

संक्रांतीच्या सुमारास तांबूस कोंब फुटला. दुसऱ्या हिवाळ्यात दुलारीबाईंनी लांब झालेल्या फांद्या कठड्यावर आडव्या वाकवून लुगड्याच्या काठाने बांधल्या. उभी फांदी शेंड्यालाच फुलते, आडवी धरली की डोळ्याडोळ्याला. तशीच फुलली, ओसरीवर फुलायची तशी.

रूपलाल अजून रोज पाणी घालतात. खाली ठिबकायला लागलं की त्यांचा अंगठा वळवळतो. म्हणून त्यांनी कोठीखाली परात ठेवली आहे. ती भरली की उचलतात आणि गळलेल्या पाकळ्यांसकट मिरचीच्या कुंडीत रिकामी करतात.