दुकानभर हुंकार

श्रावणात त्या त्या वाराची कहाणी ऐकल्याशिवाय मी अन्न घेत नाही. कहाणी सांगतात माझ्या थोरल्या जाऊबाई, सत्यवती. हिंदी मुलखातल्या या शहरात, चेरीतालला एकाच घरात होतो तोवर देवापुढे समोरासमोर बसायचो. त्यांचं कमरेचं हाड मोडलं, त्या कांचघरला लेकीकडे गेल्या, तेव्हापासून फोनवर. दर वाक्याला माझा ‘हूं’ ऐकू आला तरच त्या पुढे सरकतात.

यंदा माझेच कान मागे पडले. मोबाइल कानाला लावला की जाऊबाई विहिरीच्या तळातून बोलतात. गुरुवारी कहाणीतला राजा मेला आणि मी चांगलं हसून ‘हूं’ म्हटलं.

जाऊबाई थांबल्या. “कुंदा, तुला काहीच ऐकू येऊन नाही राहिलं. काहून उगाच? उद्या एकदा सांगते. नाही जमलं तर उद्यापन करून टाकू.”

रात्रभर तो शब्द छातीवर होता. उद्यापन झालं की आमच्या दोघींमध्ये उरणार काय? त्यांच्या कमरेची आणि माझ्या रक्तदाबाची चौकशी.

म्हणून शुक्रवारी पूजा आटोपून सून सलोनीबरोबर लष्करी छावणीजवळच्या सदर बाजारात, मोबाइलच्या दुकानात गेले. तिचंच म्हणणं होतं, “आई, टॅब घेऊ. आवाज मोठा, पोथीची अक्षरंही मोठी.” वेळेला असाव्यात म्हणून देवघरातल्या अक्षता मी पदराला बांधून घेतल्या.

दुकानदारानं दोन टॅब पुढ्यात ठेवले. एक चकचकीत, आरशासारखा. दुसरा जाड काठाचा, स्वस्तातला.

“माताजी, ये अच्छा है,” चकचकीत पुढे सरकवत तो म्हणाला. “सिम नहीं लगती, पर व्हॉट्सॲप पे सबसे बात हो जाएगी.”

“जाऊबाईंकडे बटणांचा फोन आहे.”

“मोठ्या आईंनाही एक नवा घेऊन देऊ ना,” सलोनी म्हणाली.

“त्यांच्या नातवानं, अपूर्वनं दिला होता. त्यावर त्या वरणाचं पातेलं ठेवतात.”

दुकानदार हसला. मग जाड काठाच्या टॅबवर बोट ठेवून म्हणाला, “इसमें सिम लगती है, सीधा फोन आएगा. लेकिन एक कमी बता दूँ. कानाला लावायची सोयच नाही. जो बोलेगा, पूरा मोहल्ला सुनेगा.”

त्याच्या तोंडून मराठी वाक्य आलं म्हणून बरं वाटलं, पण अर्थ ऐकून मी पुढे केलेला हात मागे घेतला. शेजारच्या खोलीत जाईल असं मी जन्मात बोलले नाही.

“नकोच मग,” सलोनी म्हणाली. “सगळ्यांसमोर कुठं बोलणार तुम्ही?”

“सिम घालून बघू तर,” मी म्हटलं.

त्यानं माझं सिम त्यात घातलं आणि टॅब सुरू होतो न होतो तोच वाजला. जाऊबाई. त्यांची पूजा आज लवकर झाली होती. मी काही म्हणायच्या आत दुकानदारानं हिरव्यावर बोट टेकवलं.

“अक्षता घेतल्या का?”

काचेचं कपाट थरथरलं असावं. मोबाइलची कव्हरं चाळणारा एक माणूस दचकून वळला.

“आई, घरी जाऊन करतो म्हणा ना,” सलोनी कुजबुजली.

पण पदराची गाठ सोडून मी अक्षता मुठीत घेतल्या होत्या आणि सवयीनं ‘हूं’ही म्हटलं होतं. जाऊबाई सुरू झाल्या. सुरू झालेली कहाणी कुणी मोडत नाही.

एकेक शब्द लख्ख येत होता. गरीब बहिणीचा कापरा आवाज, तिच्या भावजयीचा ठसका, मधेच जाऊबाईंनी गिळलेला आवंढासुद्धा. माझा ‘हूं’ मात्र काउंटरपाशीच विरत होता आणि जाऊबाई दर वाक्याला अडत होत्या.

“माताजी, जोर से. माइक इधर है,” दुकानदारानं टॅब माझ्याकडे सरकवला आणि भिंतीवरचा टीव्ही बंद केला.

चार्जर घ्यायला आलेली एक तरुण बाई जवळ आली. फौजेतल्या कुणाची तरी बायको, बोलण्यावरून साताऱ्याकडची. तिनं तळहात पुढे केला. “काकू, मला पण दोन दाणे द्या.” पुढच्या वाक्याला तिनंही ‘हूं’ म्हटलं. मग दुकानदारानं. मग त्या कव्हरवाल्यानं. त्याला त्यातलं किती कळलं, देव जाणे.

जाऊबाई एकदम थांबल्या.

“कुंदा, किती जणं बसून राहिले गं तिथं?”

“दुकानभर,” मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

पलीकडे जाऊबाईंनी घसा साफ केला.

“मग आधी सांगायचं नाही का? घाईत मी जेवणाच्या पंगतीचं गाळलं. परत घेते.”

आणि त्यांनी पंगत अशी वाढली की सलोनीनं स्टूल ओढलं. बहिणीला मान मिळाला तेव्हा सगळे एकदम ‘हूं’ म्हणाले.

कहाणी सुफळ झाल्यावर मी विचारलं, “ताई, उद्यापनाचं कसं करायचं?”

“कशाचं उद्यापन? उद्या शनिवारची मोठी आहे. वेळेवर बस.” फोन बंद.

“भैया, यही पैक कर दो,” सलोनी म्हणाली.

“जरा थांबा,” मी म्हटलं. मूठ उघडली आणि अक्षता त्या जाड काठाच्या टॅबवर वाहिल्या. सातारकरणीनं तिचे दोन दाणे वर ठेवले.

“काकू,” ती म्हणाली, “उद्या कुठं बसणार आहात?”