भिवाजी वैद्यांच्या बाटलीवरचं लेबल

बापूजींकडे काही मागायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर मागावं, हा आमच्या पांढुर्ण्याच्या घरातला नियम होता. सात वाजता ते तिगावच्या भिवाजी वैद्यांचं आसव घेत. वैद्यांनी सांगितले होते दोन चमचे. अकरा वर्षांत बापूजी कपावर पोचले होते. कप रिकामा झाला की भजन सुरू होई, आणि मग नागपूरला मैत्रिणीच्या लग्नाला जायची परवानगीसुद्धा मिळे. औषधात ताकद आहे, एवढंच आम्ही समजत होतो.

हेमंत नेमका सकाळी नऊला आला. तो सौसरला कृषी खात्यात होता. मी शिकवत होते त्या शाळेत मुलींना संत्र्याचा स्क्वॅश शिकवायला आला, तेव्हाची आमची ओळख. मला मागणी घालायला बिचारा नवा शर्ट घालून आला होता. बापूजी निवृत्त हेडमास्तर, वर व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कधी घेतली का?"

"एकदा घेतली," हेमंत म्हणाला. "कॉलेजात होतो तवा. अर्धा गिलास बिअर."

खोटं बोलला असता तर साखरपुडा ठरला असता. खरं बोलला म्हणून चहासुद्धा मिळाला नाही.

"ज्याच्या पोटात दारू गेली, त्याले माह्या घरात पाट नाही," बापूजींनी सांगून टाकलं.

मला सत्ताविसावं लागलं होतं आणि हा माणूस मला मनापासून आवडला होता. तीन दिवस मी भांडी आपटत होते. आई म्हणाली, "सरले, भांड्याइचा काय गुन्हा?"

त्याच महिन्यात, म्हणजे शहाऐंशीच्या डिसेंबरात, शाळेत माझ्या गृहविज्ञानाच्या मुलींचं प्रदर्शन होतं. विषय होता 'पोटात काय जातं?' दुधाच्या पावडरीच्या डब्यावर सगळा तक्ता छापलेला असतो. दारूच्या बाटलीवर मात्र नुसतं ऐटदार चित्र. म्हणून ज्यावर काही लिहिलेलं नाही, त्याची लेबलं मुलींनी करायची ठरली. लोणचं झालं, लाडू झाले, भंगारवाल्याकडून बिअरची रिकामी बाटलीही आली. मी घरची आसवाची बाटली नेली. तीही कोरीच होती.

आत काय आहे ते विचारायला मी तिगावला गेले. भिवाजींनी काही लपवलं नाही. "मनुका, गूळ, धायटीचे फुलं. महिनाभर मडक्याचं तोंड बांधून ठेवतो. दारू त्याच्यात आपोआपच बनते, बाई. म्हणून तं दोनच चमचे सांगतो ना!"

मी तडक शाळेत परतले. सायन्सच्या सरांनी प्रयोगशाळेत मोजून दिलं, नऊ टक्के. आणि प्रदर्शनाचे उद्घाटक होते खुद्द बापूजी. बाटली गुपचूप घरी न्यावी असं मनात आलं. पण लेबल खरंच लिहायचं, घरचं असलं तरी, हे मुलींना दहादा बजावणारी मीच होते. खोटं कशाला बोलू, रागही होताच. बाटली मी बिअरच्या शेजारी मांडली.

लिहिलेलं काहीही दिसलं की मोठ्यानं वाचायचं, ही बापूजींची जुनी सवय. फीत कापून ते थेट बाटल्यांपाशी आले.

"बिअर. अल्कोहोल पाच टक्के. प्रथिनं नावापुरती. पोट सुटते." ते मुलींकडे वळले. "पाहा, पोरीहो! हे असं विष!" मग पुढची बाटली. "भिवाजी वैद्यांचं आसव. मात्रा दोन चमचे. गूळ भरपूर. अल्कोहोल नऊ..."

आवाज तिथेच थांबला. दुसऱ्या रांगेत आईने पदर तोंडाशी धरला.

"मोजण्यात चूक झाली असंन," ते हळूच मला म्हणाले.

"दोनदा मोजलं, बापूजी."

सगळ्या मुली वाट पाहत होत्या. हेडमास्तर वाक्य अर्धं सोडत नाही. "टक्के," त्यांनी पूर्ण केलं.

त्या संध्याकाळी सात वाजले, पण कप उपडाच राहिला. भजन नाही, बोलणं नाही. मला फार वाईट वाटलं. बापाला चारचौघांत असं उघडं पाडायला नको होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी हेमंतला सांगावा धाडला.

रविवारी तो आला, तोच नवा शर्ट घालून. बापूजींनी स्वतःच्या हातानं पाट मांडला.

"बस. तू एकदा घेतली, अर्धा गिलास. मी अकरा वर्षं रोज घेऊन राहिलो. माह्या नियमानं पाट मलेच नाही." आणि ते खाली जमिनीवर बसले.

हेमंतने पाटाकडे पाहिलं, तो बाजूला सारला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसला.

बापूजींनी आत हाक मारली, "सरले, चहा आण वो. पोट्टा चांगला आहे."

मला रडूच फुटलं. घड्याळात तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.