उतरलेला ताप

मित्रांनो, कोनाड्यातल्या पत्र्याच्या डबीत पडून असलेला मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेची बारीक नळी आणि तिच्यात थेंबभर पारा, एवढाच माझा देह. आकडेही आता पुसट झालेत. संगमनेरच्या दुकानातून मला केशरने आणले. ती कॉलेज शिकलेली, आणि लेकराच्या कपाळाला सारखा हात लावून पाहणारी.

ते बाहत्तरचे दुष्काळी साल होते. गोठ्याच्या छपराचा पालासुद्धा शेळ्यांना घालून झाला, तेव्हा शेळ्या ओसरीवर आल्या. केशरचा लहानगा गहिनी करडाला बिलगून तिथेच भिंतीशी झोपू लागला.

मग त्याला ताप भरला. पारा एकशे चारवर गेला. काही दिवसांनी घाम फुटून ताप उतरला, तेव्हा त्याला डॉक्टरांकडे नेले. रक्तात काहीच सापडले नाही. केशरच्या सासूबाई, गोजरबाई, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गुणाची कांडी हाय, ताप उतरवला." पण आठवड्याने ताप परत आला. उतरल्यावर पुन्हा नेले, पुन्हा रक्त स्वच्छ. पोर मात्र वाळत चालले.

तिसऱ्या खेपेला पारा चढला तसे केशरने गहिनीला खांद्यावर घेतले.

"तापात लेकराला वारं लागू देऊ न्हाई," गोजरबाई म्हणाल्या. "कालेजात हेच शिकवत्यात व्हय? उतरू दे, मग ने."

"आत्याबाई, दर खेपेला आपण ताप उतरल्यावरच नेतो. डॉक्टरांना दिसणार काय?"

मग गोजरबाईही स्वतःचा पदर पोराच्या डोक्यावर धरून एस.टी.त बसल्या.

या वेळी डॉक्टरांना रक्तात वळवळणारे बारीक जंतू दिसले. "हे जंतू गोचीड चावून येतात, अन् ताप असतानाच दिसतात. हा झोपतो कुठं? गोचिडी आहेत का तिथं?"

"शेळी हाय म्हंजे गोचीड हायेच की, डाक्टर," गोजरबाई म्हणाल्या.

गोळ्या सुरू झाल्या. शेळ्या बाहेर गेल्या, आणि गोचिडी दडतात त्या भिंतीच्या भेगा गोजरबाईंनी स्वतः लिंपल्या.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जनावरांशेजारी निजू नका. आणि ताप उतरला म्हणजे आजार गेला, असे लगेच धरून चालू नका. केशरने धरले नाही. गोळ्यांनंतर पोर अंगणात खेळत असले तरी ती त्याला पकडून मला काखेत लावायची, पाहायची, झटकून पुन्हा लावायची. ताप नाही, हे मी खरेच सांगत होतो, पण तिला पटत नव्हते.

मग एके दिवशी ती मला विसरली. माझे त्याहून मोठे कौतुक कधी झाले नाही.