बा हद्दूंच्या खांबाला कुत्रा

माझ्या कुत्र्याला घालवायचं ठरलं ते शुक्रवारी, कुसकुस खाताना. माझा पहिला घास अजून धड गिळूनही झाला नव्हता.

"परवा मुहा मेंढपाळ खाली येतोय," बाबा ताटाकडेच बघत म्हणाले. "इझेमला घेऊन जाईल. वर कुरणावर सुखात राहील."

"कोण सुखात राहील? इझेम की बा हद्दू?"

यम्मानं, म्हणजे आईनं, टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर लाथ मारली. पण मी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं दुकान आहे आणि ज्यांना अख्खी गल्ली 'बा' म्हणते, त्या हद्दूंनीच बाबांचे कान भरले होते. म्हणे, वयात आलेली पोर रोज एकटी कुत्रा घेऊन देवदारांच्या जंगलात जाते, शोभतं का? म्हणे, कुत्रा असलेल्या घरावरून देवदूत परत फिरतात. म्हणे, एक दिवस तो गल्लीतली मांजरं फाडेल.

मांजरं! आमच्याकडे दोन आहेत, मिमूना आणि काझी. काझी बाबांच्या लोकरी झग्याच्या, जेलाबाच्या, टोपीत झोपतो आणि बाबा थंडीत कुडकुडत बसतात, पण त्याला उठवत नाहीत. मिमूना भाकरीवर झाकलेल्या फडक्यात पाय खुपसते, तर यम्मा म्हणते, बरकत आली. बिचारा इझेम गच्चीवर झोपतो, शिळे तुकडे खातो आणि तरी शेपटी हलवतो. आता देवदूतांना खालच्या दारानं यायला काय होतं, सांगा!

शाळेतून आले की मी खुंटीवरची दोरी काढते. दोरीचा आवाज ऐकून आधी कोण हजर होत असेल? मिमूना. शेपूट उभी करून ती आमच्या पुढे चालते, शेवटच्या घराच्या भिंतीवर चढून बसते आणि आम्ही परत येईपर्यंत तिथून हलत नाही. पुढे आम्ही दोघंच. चढाला लागलं की देवदारांचा वास, माकडिणींच्या शिव्या, आणि माझा आवाज. मागच्या वर्षापर्यंत वर्गात माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. जंगलात इझेमला धडे मोठ्यानं म्हणून दाखवता दाखवता तो फुटला. आता बाई म्हणतात, "इत्तो, पुरे गं बाई." आणि हेच म्हणे मी दोरीसकट मुहाच्या हातात द्यायचं. नाही द्यायचं. मी आधी रडले, मग तोंड धुतलं, मग विचार केला.

शनिवारी दुपारी इझेमला घेऊन थेट दुकान गाठलं. दुकानाच्या पुढच्या छपराला आधार आहे तो बांच्या आजोबांच्या तंबूचा खांब. त्याला ते कुणाला टेकूसुद्धा देत नाहीत. बा रव्याच्या पोत्याशेजारी बसून चहा पीत होते, समोर उस्सैद ड्रायव्हर. मी इझेमची दोरी त्या खांबाला बांधली. डोक्यावरचा रुमाल सोडून बांच्या खांद्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी खांब धरला.

"बा हद्दू, मी आणि हा कुत्रा तुमच्या आरात आहोत."

चहाचा पेला तोंडाशीच थांबला. आमच्या डोंगरात असा आर घातला, म्हणजे आसरा मागितला, की संपलं. मागणाऱ्याला नाही म्हणणाऱ्याच्या घरावर डाग बसतो, तो नातवंडांनाही धुता येत नाही.

"सोड! सोड तो खांब, कार्टे!"

"आता कसा सोडू? बोलून झालं."

"अगं, कुत्र्याचा कुठं आर असतो?"

"तुमच्या आजोबांनी याच खांबाला धरलेल्या माणसाला आसरा दिला ना? सख्ख्या भावाला मारून आलेल्या? दर ईदला तुम्हीच सांगता. माझ्या इझेमनं तर अजून कोंबडीसुद्धा मारली नाही."

उस्सैद ड्रायव्हरला ठसका लागला. "हद्दू, अडकलास रे! आता लोकांना ती गोष्ट कोणत्या तोंडानं सांगशील?"

"तू गप! हा मांजरं खाईल उद्या."

तेवढ्यात माझ्या मागोमाग आलेली मिमूना रव्याच्या पोत्यावरच्या दोन मांजरांकडे तुच्छतेनं बघत पुढे आली आणि इझेमच्या पुढच्या पायांमध्ये अंग टाकून पडली. इझेमनं जांभई दिली.

"ही कुणाची?"

"आमचीच. रोज बरोबर असते. अजून खाल्लेली नाही."

बांनी पेला खाली ठेवला. रुमाल खांद्यावरून काढला, नीट घडी केली, माझ्या हातात दिला. मग उठले, मिशा पुसल्या आणि आमच्या घराकडे चालू लागले. मागे मी, इझेम, मिमूना, आणि मजा बघायला उस्सैद.

"मोहंद," ते दारातूनच बाबांना म्हणाले, "कुत्रा इथंच राहील."

"पण बा, तुम्हीच तर..."

"तेव्हा मी तसं म्हणालो होतो. आज असं म्हणतोय. मुहाला मी बघतो." मग घसा खाकरून म्हणाले, "मात्र पोरीनं जंगलाअलीकडच्या झऱ्यापर्यंतच जायचं. त्याच्या पुढे नाही."

बाबांचा चेहरा खुलला. "अगदी बरोबर, बा. झऱ्यापर्यंतच."

झालं! दोघांनी माझं जंगल आपसात वाटून घेतलं.

"बा, आसरा देताना पाय कापून घेतात का?"

"इत्तो!" बाबा ओरडले.

"आर सबंध घातलाय, अर्धा नाही. तुम्हाला झऱ्यापुढची काळजी असेल तर चला माझ्याबरोबर. काय आहे तिथं ते बघा."

"माझे गुडघे आहेत का चढायचे?"

"मग गुडघ्यांची शिक्षा मला का?"

बा बाबांना म्हणाले, "हिला नवरा शोधताना बहिरा शोध." आणि गेले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

रविवारी मुहा दोरी घेऊन आला, तर बांनी त्याला दुकानातच गाठलं, चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. शिव्याही घातल्या म्हणे, का ते मुहाला कळलंच नाही.

मी दुपारी निघाले. झऱ्यावर बायका लोकर धूत होत्या. गल्लीतली बातमी आमच्या आधी चढून वर पोचली होती.

"काय गं इत्तो, तुला इथपर्यंतच ना?" एकीनं विचारलं.

"कोण म्हणालं?"

"तुझे बाबा."

"त्यांचं अजून बांशी बोलणं चाललंय," मी म्हणाले आणि झऱ्यातल्या दगडांवरून उडी मारली. इझेम पाण्यातूनच आला, अंग झाडून सगळ्या बायकांना भिजवलं आणि माझ्या पुढे चढाला लागला.