मनूच्या भाकरीची टेप

माझी नात सोनिया विश्रामबागेत ऱ्हाती. काल तिचा फोन आला. "आबा, झांबियातल्या म्वान्साकाकांनी एक जुनी टेप कॉम्प्युटरवर पाठवलीय. आजी आहे म्हणे त्यात." मी साताऱ्याहून मिळंल ती एसटी धरली.

आता तुमी म्हणाल, पाटणकडची माझी बायको मनुबाई आफ्रिकेच्या टीव्हीवर कशी? सांगतो. फौजेतनं सुटल्यावर मी तिथल्या टीव्ही केंद्रात नोकरीला लागलो. टेपांचा सगळा कारभार माझ्याकडं. लय भारी दिवस, गड्या! अख्ख्या वस्तीत एक टीव्ही, आन त्याच्यापुढं जत्रा. एकदा बायकांच्या कार्यक्रमाची पाव्हणी आलीच न्हाई. माझ्या हाताखालच्या म्वान्सानं आमच्या मनूलाच कॅमेऱ्यापुढं बसवलं. तिनं मक्याच्या पिठाची भाकरी हातावर थापून दाखवली, तीबी आपल्या बोलीत, बिनधास्त! दुसऱ्या दिवशी बाजारातल्या बाया तिला बघून हातावर हात थापाय लागल्या.

मनूला जाऊन सहा वर्सं झाली. फोटो ढीगभर हायत, पण तिचा आवाज कुठंच न्हाई. मला तेवढा आवाज पायजे हुता.

सोनियानं टेप लावली, तर पडद्यावर फुटबॉल! पाच मिंटं झाली, धा झाली, नुसता फुटबॉल. माझं डोस्कंच फिरलं. "ह्या म्वान्साला अक्कल हाय का न्हाई?" म्हणून वराडलो.

सोनियानं टेपसंगं आलेलं त्याचं पत्र वाचलं. नव्या टेपा मिळत नव्हत्या, म्हणून जुन्यांवरच नवं भरायचं, असा तवाचा हुकूम. त्या हुकमाखाली सही माझी.

म्हंजे मीच पुसली तिला. तवा वाटायचं, बायको काय, घरातच हाय की. लाज वाटली मला.

"आबा, उठू नका. मॅच संपतेय," सोनिया म्हणाली.

मॅच संपली, पडदा थरथरला आन मनू दिसली; टेपंचं शेवटचं टोक पुसायचं ऱ्हायलं हुतं. कार्यक्रम संपल्याला, कॅमेरा मातर चालूच. पिठाचं हात पदराला पुसत ती कॅमेऱ्यामागं माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं, झालं की आता. किती बगताय? चला घरला."

"व्हय, चल," म्हणलो, आन सोनियाला म्हणलं, "परत लाव."